तळमजला

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे पिवळी बिल्डिंग,
तिच्या तळमजल्यावर मी.
डोक्यावर चार मजले, आठ संडास,
आणि सगळ्यांची वाट माझ्या भिंतीतून.
साखळी ओढायचे दिवस गेले, आता बटण.
दाबलं की गेलं, म्हणतात वरचे.
कुठे गेलं ते मला विचारा.

रविवारी पाणी उलटं वर आलं.
हिरामण आला, खांद्यावर स्प्रिंगचं भेंडोळं, तोंडाला रुमाल.
चेंबरचं झाकण सरकवलं आणि एकेक काढून
पार्किंगमध्ये जुन्या पेपरावर मांडत गेला:
बाळ पुसायचे ओले कागद, दोरखंडासारखे पीळ पडलेले,
केसांचा बोळा, पॅड, कान कोरायच्या काड्या,
दिवाळीच्या तळणीतलं थिजलेलं तेल,
एक निळा मोजा, दोन-अडीच वर्षांच्या पायाचा,
आणि ते, ज्याचं नाव कोणी घेत नाही,
चार, गाठ मारलेले.

सगळे मजले खाली उतरून बघून गेले.
कोणाचंच काही नव्हतं.
कर्डिलेंच्या सूनबाई मोज्याकडे बघून
पटकन आभाळाकडे बघायला लागल्या.

हिरामण हसला नाही. म्हणाला,
ताई, ह्याला दोनच नंबर कळतात, एक आणि दोन.
तिसरा शिकवायला जाऊ नका.
मी म्हटलं, पाकिटावर तर लिहिलंय, फ्लश केलं तरी चालतं.
लिहिणाऱ्याला सांगा, एकदा हात घाल.
मग पाकिटातला एक कोरा कागद बादलीत बुडवून
सकाळी बघा म्हणाला.
सकाळी बघितलं. तसाच होता,
उलट न्हाऊन-माखून ताजा.

अक्षर चांगलं, म्हणून नोटीस माझ्याकडे आली.
लिहीत गेले, ओले कागद नकोत, पॅड नकोत,
तेल नको, उरलेला भात नको,
डायपर तर नकोच नको.
पुढची ओळ घेतली, जुनी औष
आणि पेन तिथेच थांबलं.

चैत्रात हे गेले.
प्रेसमध्ये उभा जन्म नोटा मोजलेला माणूस,
गोळ्यासुद्धा मोजून ठेवायचा.
अस्थी रामकुंडात दिल्या. तिथे विरघळतात म्हणतात.
मी वाकून बघितलं, पाणी गढूळ होतं.
त्या रात्री ह्यांच्या बीपीच्या, साखरेच्या, झोपेच्या,
एकेक गोळी पट्टीतून ढकलून काढली.
त्र्याहत्तर भरल्या.
कचऱ्यात टाकवेनात. घंटागाडीवरचा पोरगा
पिशव्या फोडून बघतो, त्याच्या हाती नकोत.
बटण दाबलं.
पाणी क्षणभर गुलाबी झालं.
मला वाटलं, हेही विसर्जनच.

रविवारी त्या पेपरावर नव्हत्या.
विरघळत नाही ते परत येतं, पकडलं जातं,
चारचौघांत मांडलं जातं.
विरघळलं ते सुटतं.
आगरटाकळीच्या प्लांटवर गाळ अडतो म्हणे, केस अडतात.
गोळीची चव अडते का, हिरामणला ठाऊक नाही. मलाही.
पुढे नदी. पुढे निफाडकडची द्राक्षं,
नांदूर मध्यमेश्वरचं संथ पाणी,
थंडीत कुठून कुठून आलेली बदकं.
ह्यांच्या अस्थी आणि ह्यांच्या गोळ्या
दोन वाटांनी निघाल्या, तिथे कुठेतरी भेटल्या असतील,
आणि एखादं बदक
भर दुपारी बसल्याजागी पेंगायला लागलं असेल.

नोटीस पुरी केली.
औषधं नकोत, खाली दोन रेघा.
परवा गादीखाली आणखी एक पट्टी सापडली.
मेडिकलमध्ये नेली. फोडलेली परत घेत नाही, काकू.
मग काय करू? मुलगा गिऱ्हाइकाकडे वळला.

आता ती बिस्किटाच्या डब्यात, फ्रिजवर.
डब्यावर ह्यांच्याच अक्षरात चिठ्ठी आहे,
रात्री, जेवणानंतर.
नऊ आहेत.
काल मोजल्या, तेव्हाही नऊच होत्या.